जत्रेतलं नाटक, तिकिटाचं नाटक

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या जत्रेसाठी मी दरवर्षी नाटक लिहितो. गेल्या वर्षीचं नाटक शेजारच्या गावातल्या हौशी मंडळानं त्यांच्या देवळाच्या उत्सवात मला न विचारता केलं. हँडबिलावर माझं नावही नव्हतं. आता म्हणे फोंड्याला तिकीट लावून प्रयोग करणार. संहिता बंद पाकिटात घालून मी स्वतःलाच पोस्टानं पाठवून ठेवली आहे. तेवढं पुरे, की कॉपीराइटची नोंदणी करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ते पाकीट राहू द्या कपाटात. कायद्यात त्याला वेगळं असं काहीच स्थान नाही. नाटक कागदावर उतरलं तेव्हाच हक्क तुमचा झाला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तो टिकतो.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. हौशी मंडळानं बिनतिकीट किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी केलेला प्रयोग कलम ५२ प्रमाणे उल्लंघनात धरत नाहीत. म्हणजे उत्सवातल्या प्रयोगाबद्दल भांडायला फारसा वाव नाही. (आपल्याकडचे निम्मे नाटककार या सवलतीवरच घडले, हेही खरं!) पण नाव गाळणं वेगळं. लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कलम ५७ देतं, तेव्हा नावासाठी जरूर भांडा. आणि फोंड्याचा धंदेवाईक प्रयोग तुमच्या परवानगीशिवाय होऊच शकत नाही.

नोंदणी उपयोगी पडते ती इथे. उद्या मंडळ म्हणालं, 'हे आमच्याच मास्तरांनी लिहिलंय', तर नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. ती खोटी पाडायची जबाबदारी त्यांची. अर्ज ऑनलाइन, नमुना १४, नाटकाला फी ५०० रुपये. डायरी नंबर (म्हणजे अर्जाचा क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबतात, मग तपासणी. तालमीच्या वह्या, तारखांसकट व्हॉट्सॲपवरचे निरोपही जपा. पदांना चाल दुसऱ्यानं लावली असेल तर ती चाल त्याची. तुमच्या नोंदणीत ती येत नाही.

फक्त कथानकाची कल्पना उचलली असेल, तर मात्र हात बांधलेले. नाटककार आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली सांगितलंय की संरक्षण मांडणीला असतं, कल्पनेला नसतं. तुमचे संवादच्या संवाद उचललेत ना? मग आजच लेखी नोटीस धाडा. दावा तुमच्याच जिल्ह्यातल्या कोर्टात लावता येतो, फेऱ्या त्यांनी माराव्यात.

तडजोड झालीच तर परवानगी तोंडी देऊ नका. किती प्रयोग, कुठे, किती मुदत, हे लिहून सही घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो.