नाइटला डॉक्टर फोनवर ओरडतात, घरी आल्यावरही झोप लागत नाही. नव्या नर्सने काय करावं?

तुला 'तू'च म्हणते. गोव्यातल्या वॉर्डांत एकवीस वर्षं काढलीत, तेवढा हक्क घेते.

तू लिहिलंयस, 'मी फक्त पेशंट बरा वाटत नाही एवढंच सांगितलं, तरी ओरडले.' अगं, माझीही सुरुवात तिथूनच. रात्री अडीचला फोन केला, "सर, सात नंबरचा पेशंट बरा दिसत नाही." "मग मी काय करू?" फोन बंद. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, त्यात दहा मिनिटं गेली. पेशंटची दहा मिनिटं. सकाळी ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा, घेताना इन-चार्ज सिस्टर एवढंच म्हणाल्या, केसपेपर हातात असल्याशिवाय फोन लावायचा नाही.

आता तोच फोन मी असा करते: "सर, सात नंबर, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. बीपी ८४/५०, पल्स १२८, दहापासून लघवी फक्त ४० मिली. आत रक्तस्त्राव असावा असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा." याला एसबार म्हणतात, ही पद्धत अमेरिकी नौदलातून दवाखान्यांत आली. परिस्थिती, मागची हकीकत, आपला अंदाज, आपली मागणी. मुली शेवटच्या दोनांवर अडखळतात. डॉक्टरला 'या' कसं म्हणायचं? म्हणायचं!

फोनवरची ऑर्डर लिहून घे आणि परत वाचून दाखव. फिफ्टीन आणि फिफ्टी ऐकायला सारखेच, म्हणून 'एक-पाच' असं आकडे सुटे करून विचार. कुणी चिडलं तर चिडू दे.

तो रेसिडेंट डॉक्टरही कालपासून जागा असतो, हे खरं. पण पेशंटसमोर अपमान झाला तर राउंड संपल्यावर बाजूला घेऊन सांग. पुन्हा झाला तर तारीख-वेळ घालून इन-चार्जकडे लेखी दे. तोंडी तक्रारी चहाबरोबर संपतात.

गणेश चवथीच्या रजेची भांडणं मात्र मला अजून सोडवता आलेली नाहीत.

झोपेचं म्हणशील तर, घरी जायला कदंबा बसमध्ये बसले की वॉर्डचा व्हॉट्सॲप ग्रुप मी म्यूट करते. 'तो डोस दिला ना?' हा किडा डोक्यात वळवळतो, कारण चार्टवर सही राहिलेली असते; सही करूनच नीघ. एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर बोल, सरकारी आहे, फुकट आहे, नाइट संपवून पहाटेही लागतो.