कूलवर लावला तरी एसी गरम हवा का फेकतो?

तुम्ही लिहिलंय की दादरच्या घरातला हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी रिमोटवर कूल दाखवतो, पण हवा भट्टीसारखी येते. गॅस भरायला आधी होकार देऊ नका. गॅस कमी असेल तर हवा साधी येते, गरम येत नाही.

आधी मोड ऑटोवर नाही ना, ते पाहा. मग कूलवर दहा मिनिटं चालवून बाहेरच्या युनिटची हवा तपासा. कूलिंगमध्ये ती गरम लागायला हवी. थंड लागली, तर यंत्र खरंच हीटिंग करतंय, म्हणजे दोष रिव्हर्सिंग व्हॉल्व्हच्या बाजूला. (युनिट ग्रिलबाहेर टांगलेलं असेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. वाकून हात घालू नका, कळकळीने सांगतोय.)

हा व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटवतो. बऱ्याच स्प्लिटमध्ये त्याच्या कॉइलला (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विजेच्या वेटोळ्याला) वीज फक्त हीटिंगमध्ये मिळते, काहींत उलटं असतं, म्हणून वायरिंगचा नकाशा बघायला सांगा. वीज फक्त हीटिंगमध्ये मिळणाऱ्या स्प्लिटमध्ये कूलवर असतानाही कॉइलला व्होल्टेज मिळत असेल तर पीसीबीवरचा (एसीच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचा) रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच, चिकटलाय. व्होल्टेज नसूनही गरम हवा येत असेल तर व्हॉल्व्ह आतून अडकलाय. मोड बदलत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर कधीकधी तो सुटतो.

व्हॉल्व्ह बदलायचाच झाला तर ब्रेझिंग (ज्योतीने तापवून पाइप जोडणं) करताना त्यावर ओलं फडकं गुंडाळायला लावा, नाहीतर उष्णतेने नवा व्हॉल्व्हही बिघडतो. नंतर पाइपांतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गॅस भरू देऊ नका.