लातूरची गंजगोलाई इंग्रजांनी बांधली का? आणि ती गोल का आहे?

इंग्रज? गोलाई बांधली तेव्हा लातूरला इंग्रजांचं राज्य कुठं होतं! आमचा मुलूख निजामाचा. गोलाई, म्हणजे लातूरच्या बाजारपेठेतली गोल दुमजली इमारत, 1917ची, आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. जुनं आणि देखणं दिसलं की ते इंग्रजांचंच, असं आमच्या पुण्याच्या दाजींनाही वाटतं, म्हणून जरा तावातच लिहितोय.

बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911ला लातूरपर्यंत आली, तेव्हा पेठ वाढायचीच होती. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोलाई आणि तिथून फुटलेले सोळा रस्ते. कुठं सराफ, कुठं चपला, कुठं गूळ, कुठं मिरची.

यातल्याच एका रस्त्यावर आमचं दुकान. दुसरीत असताना आजीनं गूळ आणायला पाठवलं. जाताना सरळ गेलो, परतताना सोळाही तोंडं सारखीच दिसायला लागली. देवळाला तीन फेरे झाले. कागदातला गूळ हाताला चिकटायला लागला, म्हणून थोडा थोडा खात गेलो. शेवटी आठवलं, आपल्या शेजारी मिरचीची आडत आहे. मग प्रत्येक तोंडाशी उभं राहून श्वास घ्यायचा. जिथं ठसका लागला तिथं शिरलो. आजी म्हणाली, "गूळ आणायला गेलतास का खायला?"

तर दाजी म्हणतात, पाडा ते जुनाट, मॉल उभा करा, नाहीतरी एखाद्या भूकंपात पडायचंच आहे. अहो, 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली, गोलाई उभीच आहे ना! (आता खरं सांगायचं तर किल्लारी इथून चाळीसेक किलोमीटरवर, आणि तिकडं माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. त्यामुळे सगळं श्रेय इमारतीलाच देता येत नाही. दाजींना हे सांगू नका.)

गोल का, याचं माझं उत्तर एवढंच की देवळापाशी उभं राहून बघा. सगळी पेठ तोंडासमोर येते.

मागच्या दिवाळीत दाजींना तिथंच उभं केलं आणि म्हटलं, या आता दुकानावर, मी पुढं होतो. अर्ध्या तासानं फोन. "अरे, मी चपलांच्या दुकानांपाशी आहे, इथून कसं येऊ?"

म्हटलं, दाजी, ठसका लागेपर्यंत फिरा.