फिरून आले, पण थकवा तसाच!

"मॅडम, चांगले सहा दिवस फिरून आलो. कामावर रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच चिडचिड. मग गेलो कशाला?"

सुट्ट्या संपल्या की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. माणसं वेगवेगळी, वाक्य जवळपास तेच. म्हणून त्यांतल्या एका बाईंबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीचं, नोकरी, घरात दोन मुलं आणि सासूबाई. प्रवास कसा झाला असं विचारल्यावर त्यांनी मोबाइल काढून यादीच वाचून दाखवली. साडेपाचला सूर्योदय, आठला नाश्ता, नऊला संग्रहालय... सहा दिवसांत सतरा ठिकाणं. सगळं दोन मिनिटांत सांगून झालं, हजेरी घेतात तशा आवाजात.

"कधी निघायचं, कुठे जेवायचं, हे कोण ठरवत होतं?"

"मीच. घरी तरी दुसरं कोण ठरवतं?"

तिसऱ्या भेटीत मी यादी बाजूला ठेवायला सांगितली. यादीत नसलेलं काही घडलं का, एवढंच विचारलं.

"परतीच्या दिवशी गाडीला पन्नास मिनिटं उशीर झाला. फोनची बॅटरी संपलेली, मुलं पेंगत होती. तेवढा वेळ फुकट गेला."

"त्या फुकट गेलेल्या वेळात काय दिसलं?"

त्या थांबल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. फलाटाच्या टोकाला एक नळ होता, तोटी नीट बंद न होणारा. थेंब खालच्या दगडावर पडून पडून तिथे खळगा झाला होता. एक चिमणी यायची, दोन थेंबांच्या मधल्या वेळात चोच बुडवायची आणि पुढचा थेंब पडायच्या आत बाजूला सरकायची. "एकदाही भिजली नाही हो!" सांगताना हात हलत होते, खांदे खाली आले होते. सतरा ठिकाणांना दोन मिनिटं पुरली होती, त्या एका नळाला सात लागली.

"तुमची सहल इथे झाली म्हणायची," मी म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले.

त्या पन्नास मिनिटांत त्यांना कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं, काही ठरवायचं नव्हतं, कुठे वेळेत पोहोचणंही त्यांच्या हातात नव्हतं. माणसं थकवा घालवायला जागा बदलतात. पण घरचा सगळा कारभार बॅगेत भरून नेला, तर नवी जागा काय करणार? नेदरलँड्समधल्या दीड हजारांवर प्रौढांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे लोक निघण्याआधी न जाणाऱ्यांपेक्षा आनंदी होते. परत आल्यावर मात्र फरक उरला नाही. थोडा टिकला तो सहल अगदी निवांत झाली असं म्हणणाऱ्यांचाच, आणि तोही काही आठवड्यांत ओसरला.

म्हणूनच पुढची मोठी सहल ठरवण्याआधी मी त्यांना रोजची वीस मिनिटं मागितली, फक्त स्वतःला आवडणाऱ्या एखाद्या गोष्टीसाठी. इथेच गाडी अडली. "इच्छा झाली की करीन," त्या म्हणाल्या. माझा अनुभव नेमका उलटा आहे: दमलेल्या माणसाला इच्छा आधी होत नाही, ती केल्यानंतर येते. मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात नैराश्यावर काम करताना याच वाटेने जाऊन सुखद गोष्टींची यादी वापरली होती, तब्बल ३२० गोष्टींची. मला तीन पुरतात.

त्यांनी तीन निवडल्या: खिडकीपाशी बसणं, एकटीने चालणं, जुन्या शाईच्या पेनाने काहीतरी लिहिणं. वहीत दोन रकाने आखले. करण्याआधी 'किती बरं वाटेल' याचा अंदाज ० ते १० मध्ये, केल्यावर प्रत्यक्षातला आकडा. दोन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. अंदाज बहुतेक ३ किंवा ४, प्रत्यक्षात ६ किंवा ७. मन आधीच कमी आकडा सांगतं हे मी समजावून पटलं नसतं, त्यांच्याच अक्षरात वाचल्यावर पटलं.

हे फसतं कुठे, तेही सांगते. 'सगळं आवरून झालं की' असं ठरवलं तर ती वेळ येतच नाही, कारण आवरणं संपत नाही. म्हणून ती वीस मिनिटं एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडा, जसं की कामावरून आल्यावर पाय धुतले की लगेच. खुर्ची स्वयंपाकघर दिसणार नाही अशी ठेवा, नाहीतर ओट्यावरचं भांडं हाक मारतं. फोन दुसऱ्या खोलीत. घरच्यांना आधीच सांगा की इतके ते इतके मी नाही, आणि त्या वेळात प्रश्न कुणाला विचारायचे तेही सांगा. हे शेवटचं सांगितलं नाही, तर सुरुवातीला वाटणारी अपराधी भावना दुप्पट होते. ती भावना यायचीच. ती जाण्याची वाट न पाहता बसा. आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला तर वेळ तीच ठेवून गोष्ट बदला.

प्रवासासाठी: ठिकाणांची यादी निम्मी करा. पोहोचल्याच्या दिवशी काही ठरवू नका आणि कामावर जाण्याआधी एक पूर्ण दिवस घरी ठेवा. निदान एक दिवस सगळे निर्णय दुसऱ्याकडे द्या, मग जेवण उशिरा झालं तरी बोलायचं नाही. फोटो काढण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा.

एक मात्र लक्षात ठेवा. आवडत्या गोष्टीतही रस न वाटणं दोन आठवडे जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ राहिलं, सोबत झोप-भूक बिघडली, तर वहीवर भागवू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटू लागलं तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी भेटा.

गेल्या भेटीत बाईंनी पुढच्या सहलीचा कागद आणला. चार दिवस, पाच ठिकाणं. तिसऱ्या दिवशी 'दुपारी ३ ते ४ : मी नाही'. खाली मुलाचं अक्षर होतं: 'जेवणाचं मी बघतो.' त्याच्या बाजूला दोन रकाने. अंदाज ५, पुढचा रकाना अजून रिकामा.