बॅकअपमधून की बॅकअपवरून?

ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ठाण्यातल्या एका पतपेढीचं सॉफ्टवेअर ते सांभाळतात. सर्व्हर बसला तेव्हा पतपेढीने दारावर सूचना लावली : ‘संगणक प्रणालीची बॅकअप अर्काइव्हमधून पुनर्स्थापना करण्यात येत आहे. सभासदांनी सहकार्य करावे.’ कुणीतरी पेनाने ‘पुनर्स्थापना’ खोडून ‘पुनःस्थापना’ केलं. बरोबर काय? आणि ‘रिस्टोर’ला सुटसुटीत मराठी शब्द नाही का?

व्याकरणाने पेनवाला बरोबर. ‘पुनर्’मधला र् स्वर आणि मृदू व्यंजनांपुढे टिकतो, कठोर व्यंजनापुढे त्याचा विसर्ग होतो. म्हणून पुनर्जन्म, पुनर्विवाह, पण पुनःस्थापना. अंतर्गत आणि अंतःकरण ही जोडी लक्षात ठेवली की झालं. वापरात मात्र ‘पुनर्स्थापना’ इतका रुळलाय की त्यावरून पेन उपसण्यात अर्थ नाही. माझी हरकत वेगळी आहे : या कामाला दोन्ही रूपं नकोत.

‘इन्स्टॉल’ला आपण ‘स्थापित करणे’ म्हणतो. मग पुनःस्थापना म्हणजे सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करणं. तेवढंच केलं तर समोर येतं कोरं सॉफ्टवेअर. एक खातं नाही, एक पावती नाही. रिस्टोरमध्ये जपून ठेवलेली स्थिती परत आणायची असते. नव्या मशीनवर ही दोन्ही कामं लागोपाठ येतात. आधी सॉफ्टवेअर टाकायचं, तेही शक्यतो बॅकअपच्या वेळी होतं त्याच आवृत्तीचं. मग डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या नोंदींची जपून ठेवलेली एकगठ्ठा प्रत, चढवायचा, सेटिंगच्या फायली जागच्या जागी ठेवायच्या, कुणाला काय उघडता येईल त्या परमिशन तपासायच्या. दोन्ही पायऱ्यांना एकच शब्द वापरला तर ‘पुनःस्थापना झाली’ म्हणणाऱ्याचं नेमकं काय झालं, हे विचारत बसावं लागेल.

‘पूर्ववत’ बोलायला सोपा, पण एक तर मेनूत ‘अनडू’ने तो आधीच पटकावलाय आणि दुसरं म्हणजे तो जास्त कबूल करतो : सगळं अगदी बिघाडाआधी होतं तसं झालं, असं. काही मोबाइलवर दिसणारा ‘पुनर्संचयित करा’ मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ‘पुनर्वसन’ नव्या सर्व्हरवर नेताना अर्थाने बसलाही असता, पण नवी मुंबईत तो शब्द काढला की शहरासाठी जमिनी गेलेल्या गावकऱ्यांना परत द्यायचे साडेबारा टक्के भूखंड आठवतात, आणि डेटा तेवढाच परत आला तर पतपेढीला टाळंच लागेल.

खरी गंमत सूचनेतल्या ‘मधून’मध्ये आहे. पूर्वीची दप्तरं कापडात बांधून ठेवत. पेशवे दप्तरातल्या गठ्ठ्यांना आजही ‘रुमाल’च म्हणतात. अर्काइव्ह हा असाच रुमाल. युनिक्स या संगणक प्रणालीवरचं ‘टार’ हे साधन १९७९ पासूनचं, नाव ‘टेप आर्काइव्ह’वरून पडलेलं; त्याचं काम फायली एकत्र बांधणं आणि सोडणं. तेव्हा ‘बॅकअपमधून एक फाइल काढली’ हे अगदी बरोबर : आत होती, बाहेर काढली. पण चालती यंत्रणा गठ्ठ्याच्या आत नसतेच. आत असतो तिचा मजकूर, आणि त्याच्या आधाराने ती उभी करावी लागते. नकाशावरून घर बांधतात, तसं बॅकअपवरून सिस्टिम उभी करतात. म्हणून फाइल ‘मधून’, सिस्टिम ‘वरून’. अर्काइव्ह सोडलं म्हणजे रिस्टोर झालं, असं समजणारे नवखे कमी नाहीत. हे शब्दयोगी अव्यय नीट लावलं तर तो गैरसमजही कमी होईल.

क्रियापदं ऑफिसात तयारच आहेत. महापे-रबाळ्याकडे कुणीही ‘बॅकअप घेतला’, ‘डम्प चढवला’, ‘रिस्टोर मारला’ असंच म्हणेल, आणि त्यात काही बिघडत नाही. लेखी हवं असेल तर ‘रिस्टोर करणे’ खुशाल ठेवावं. मराठीच हवं तर ‘अमुक वेळच्या स्थितीत परत आणणे’. लांबट आहे, पण त्यातला ‘अमुक वेळच्या’ हाच भाग सभासदाच्या कामाचा. बॅकअप शुक्रवारी रात्रीचा असेल आणि मी शनिवारी सकाळी ५,००० रुपये भरले असतील, तर सगळं ‘पूर्ववत’ झाल्यावरही माझ्या खात्यात ते दिसणार नाहीत. पावती हातात, नोंद गायब. मग खिडकीवर आवाज चढणारच.

सूचना मी अशी लिहिली असती : ‘सर्व्हर बिघडल्यामुळे शुक्रवारी रात्रीच्या बॅकअपवरून सर्व खाती परत आणत आहोत. शनिवारचे व्यवहार पावत्यांवरून पुन्हा चढवले जातील. शनिवारी पैसे भरलेल्या किंवा काढलेल्या सभासदांनी पावती घेऊन यावे.’ आणि त्या सहकार्याला सुट्टी.