अकरा फंड, एकच माळ

तुझा तक्ता मिळाला. अकरा फंड, अकरा ओळी, अकरा रकाने, प्रत्येक चौकटीत दोन दशांशांपर्यंत सहसंबंध (दोन फंड किती सोबतीने चढतात-उतरतात ते सांगणारा, उणे 1 ते 1 मधला आकडा), आणि खाली एका ओळीचा प्रश्न: "यातले कोणते काढू?" तक्ता पाहून आधी हसू आलं. मग वाईट वाटलं, कारण 2007 साली मीही असाच तक्ता केला होता आणि त्यावर फार खूश होते.

0.94 ची चौकट तू हिरवी रंगवली आहेस. अरे, ते काय परीक्षेतले गुण आहेत? 0.94 म्हणजे दोन्ही फंड एकदमच उठतात आणि एकदमच बसतात. तुझ्या अकरांपैकी आठ असे एकाच माळेचे मणी आहेत. त्यांच्या याद्या उघडून पाहा, वरचे दहा शेअर थोड्याफार फरकाने तेच. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

आणि हो, तू सूत्र किमतींवर लावलंस. ते परताव्यांवर, म्हणजे किंमत दर महिन्याला किती टक्के बदलली त्यावर लावायचं असतं. वर जाणाऱ्या कुठल्याही दोन रेषा एकमेकींच्या बहिणी दिसतात. हे दुरुस्त कर, पुढे जाऊ.

गणित एकदाच सांगते. दोन गुंतवणुकी, दोन्हींचा वार्षिक चढउतार 20 टक्के, पैसे निम्मे-निम्मे. सहसंबंध 1 असेल तर एकूण चढउतार 20 टक्केच राहतो. 0.5 असेल तर साधारण 17.3, शून्य असेल तर 14.1. म्हणजे उणे आकड्याच्या मागे रानोमाळ हिंडायची गरज नाही, शून्याजवळचं काही हाती लागलं तरी पुष्कळ झालं. हॅरी मार्कोविट्झ या अर्थतज्ज्ञांनी हा विचार 1952 साली गणितात बसवला आणि 1990 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्याच गणिताची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. अशाच 20 टक्केवाल्या गुंतवणुकी सारख्या वाट्याने घेतल्या आणि त्यांच्यातला सरासरी सहसंबंध 0.25 असला, तर त्या शंभर घे की हजार घे, चढउतार 10 टक्क्यांखाली उतरत नाही. तुझा बारावा फंड काय दिवे लावणार?

आता माझा हट्ट. आकडा नंतर, कारण आधी.

अमेरिकेत 2000 नंतरची जवळपास वीस वर्षं शेअर आणि सरकारी रोखे बहुतेक वेळा उलट दिशेने चालले. लोकांनी तो निसर्गनियमच मानला. पण त्यामागे एक कारण होतं. त्या काळातली भीती मंदीची होती. मंदीची चाहूल लागली की शेअर पडायचे, व्याजदर उतरायचे आणि रोख्यांचे भाव चढायचे. 2022 मध्ये भीती बदलली. महागाई भडकली, व्याजदर झपाट्याने वाढवले गेले, आणि त्या एकाच घावाने दोन्ही पडले. एस अँड पी 500, म्हणजे तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक, लाभांश धरूनही सुमारे 18 टक्के खाली, तिथल्या रोख्यांचा प्रमुख निर्देशांक सुमारे 13 टक्के खाली. आधीचा उणे आकडा खोटा नव्हता. तो ज्या कारणावर उभा होता ते कारण गेलं होतं. म्हणून म्हणते, कारण आधी.

माझ्या त्या तक्त्यात तीन वर्षांची आकडेवारी होती, तिन्ही तेजीची. 2008 मध्ये त्यातले माझे सातही फंड हातात हात घालून पडले. घाबरलेला माणूस चांगलं-वाईट बघत नाही, जे विकलं जाईल ते विकतो. मार्च 2020 मध्ये काही दिवस सोनंसुद्धा त्याच रेट्यात घसरलं होतं. पण फंड पडले हे माझं खरं दुःख नव्हतं. माझी नोकरीही वित्तक्षेत्रातलीच होती आणि ती त्याच हिवाळ्यात गेली. घर चालवायला मी ते फंड तळाच्या भावाला विकले. पगार हीसुद्धा एक मालमत्ताच आणि तिचाही सहसंबंध असतो, हे मला कळलं तेव्हा बैल जाऊन झोपा बांधायचीच वेळ आली होती.

तेव्हापासून माझ्या पैशांतला मोठा हिस्सा अल्प मुदतीच्या ठेवींत असतो. ओळखीचे लोक म्हणतात, बाई, तुम्ही तेजीची अख्खी दहा वर्षं घालवलीत. कागदावर मांडलं तर खरंच आहे त्यांचं. पण त्यांच्यापैकी कोणाला तळाला विकावं लागलेलं नाही, मला लागलंय. तू माझ्याएवढा घाबरट होऊ नकोस. मी तरी घाबरटपणा का म्हणतेय त्याला, कोण जाणे. महिन्याच्या खर्चाला कुठलाही सहसंबंध माहीत नसतो.

तर रंग पुसून टाक. प्रत्येक फंडापुढे एकच वाक्य लिही: हा कशाने बुडेल? जिथे तेच वाक्य दुसऱ्यांदा येईल तिथे दोनांपैकी एक काढ, कोणता ते खर्चाचं प्रमाण, म्हणजे फंड दरवर्षी किती टक्के शुल्क कापतो ते बघून ठरव. मग खाली बाराव्या ओळीत तुझा पगार लिही. तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तुझा सगळ्यात मोठा फंड तंत्रज्ञान कंपन्यांचा आहे, आणि बोनस म्हणून मिळालेले तुझ्याच कंपनीचे शेअर तू अजून जपून ठेवले आहेस, असं तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस. ते शेअर या तक्त्यात का नाहीत?