ग्राहकांचे प्रश्न : पाच ताऱ्यांचा मिक्सर घ्यावा का?

प्रश्न : ७५० वॅटचा मिक्सर ऑनलाइन घ्यायचा आहे. एकाला ४.५ तारे आहेत पण रिव्ह्यू साठच. दुसऱ्याला ४.१ आणि रिव्ह्यू चार हजारांवर. कुणावर विश्वास ठेवावा? (वाचक, सांगली)

उत्तर : दुसऱ्यावर जास्त, आणि त्यामागे साधं गणित आहे. चाळीस खऱ्या ग्राहकांनी सरासरी ३.६ तारे दिले आणि विक्रेत्याने पाच-पाच ताऱ्यांचे पंचवीस खोटे रिव्ह्यू घुसडले, तर सरासरी थेट ४.१ वर जाते. तेच पंचवीस रिव्ह्यू चार हजारांत टाकले तर आकडा ३.६ वरच राहतो. म्हणजे संख्या मोठी असेल तर लबाडी महाग पडते. अशक्य मात्र होत नाही.

सरासरी बघून झाली की ती बाजूला ठेवा. रिव्ह्यू ‘नवे आधी’ असे लावा आणि दोन-तीन ताऱ्यांचे वाचा. पाच तारेवाला बहुतेक वेळा पॅकिंगचं कौतुक करतो, एक तारेवाला कुरिअरवर चिडलेला असतो. नेमकं काय बिघडलं ते मधले लोक सांगतात. मिक्सरच्या बाबतीत कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा भाग) तुटणं, भांड्याचं बुश (तळाशी पात्याचा दांडा फिरतो ती नळी) झिजून खालून पाणी गळणं, ओलं खोबरं वाटताना मोटरला जळका वास येणं या तक्रारी शोधा. एकच भाग वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारीत येत असेल तर दोष त्या मॉडेलचा समजा. भांडी तुटून आली, बिल मिळालं नाही अशा तक्रारी यात धरू नका.

यात एक खोच आहे. बहुतेक रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले असतात, आणि बुश एका आठवड्यात झिजत नाही. म्हणून रिव्ह्यूंच्या शोधचौकटीत ‘महिने’, ‘वर्ष’, ‘सर्व्हिस’ हे शब्द मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही प्रकारे टाकून पाहा. तुमच्या गावात सर्व्हिस सेंटर आहे की नाही, हे मात्र कंपनीला फोन करूनच विचारा.

५०० आणि ७५० वॅटचे, दोन भांड्यांचे आणि चार भांड्यांचे मिक्सर एकाच पानावर असतील तर रिव्ह्यू बहुधा सगळ्यांचे एकत्र मोजलेले असतात. प्रत्येक रिव्ह्यूखाली कोणता प्रकार घेतला ते बारीक अक्षरांत असतं, ते बघा. जुन्या रिव्ह्यूंत मोबाइलचं कव्हर किंवा उशीचे अभ्रे यांची स्तुती दिसली, तर विक्रेत्याने जुन्या मालाच्या पानावर नवा माल चढवलाय. तिथून निघा.

‘खरेदी पडताळलेली’ या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की ऑर्डर त्या संकेतस्थळावरून झाली. रिव्ह्यूच्या बदल्यात तिचे पैसे नंतर विक्रेत्याने परत केले का, हे तो शिक्का सांगत नाही.

प्रश्न : खोक्यात कार्ड निघालं : पाच तारे द्या, फोटो पाठवा, शंभर रुपये मिळवा. हे कायद्यात बसतं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : ग्राहक असल्याचं सोंग करून विक्रेत्याने स्वतःच रिव्ह्यू लिहिणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी सरळ बंद केलं आहे. पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक सांगतं. पण ते ऐच्छिक म्हणून आलं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. कार्डाचा फोटो, ऑर्डर क्रमांक आणि विक्रेत्याचं नाव जपून ठेवा, संकेतस्थळाकडे तक्रार नोंदवा आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. शंभर रुपये घेऊन तारे देऊ नका, हे सांगायला नकोच.

प्रश्न : अमेरिकेतली मुलगी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ बघून ब्लेंडर पाठवते म्हणते. तिथल्या चाचण्या तरी निःपक्ष ना? (वाचक, पुणे)

उत्तर : हो. १९३६ पासूनची ही संस्था चाचणीचा माल दुकानातून स्वतः विकत घेते आणि जाहिराती घेत नाही. कोणत्याही चाचणीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा : नमुना कुणी विकत घेतला? कंपनीने पाठवलेला नमुना निवडून, तपासून आलेला असू शकतो. जर्मनीची १९६४ ची चाचणीसंस्था ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ही माल गुपचूप विकत घेते, पण तिच्या निकालाचा शिक्का खोक्यावर छापायला कंपनीला शुल्क भरावं लागतं. त्यामुळे खोक्यावर शिक्का नाही म्हणून वस्तू वाईट ठरत नाही.

तरीही तो ब्लेंडर मागवू नका. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. शिवाय तिथे तपासतात ते बर्फ आणि स्मूदी. सुक्या मिरच्या आणि भिजवलेली उडीद डाळ नव्हे. आपल्याकडे मुंबईची कन्झ्युमर गायडन्स सोसायटी (१९६६) आणि अहमदाबादचं कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर (सीईआरसी, १९७८) या ग्राहकसंस्था आहेत. त्यांच्याकडे तुलनात्मक चाचणी सापडली तर आधी मॉडेल क्रमांक आणि तारीख जुळवा. नाव तेच ठेवून आतली मोटर बदलणं कंपन्यांना अवघड नाही.

प्रश्न : एसीवरचे सरकारी पाच तारे म्हणजे उत्तम दर्जा का? (वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. ते तारे फक्त विजेचे आहेत, टिकाऊपणाचे नाहीत. लेबलवरचा वैधता काळ वाचा : जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले, तेव्हा आधीचे पाच तारे साधारण चारवर आले. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर तारे मोजण्याऐवजी लेबलवरची वार्षिक युनिटं नव्या एसीच्या युनिटांशी ताडून पाहा.